कोणता गोड?

गोदामात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की नाकोबा. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. सत्तावीस वर्षं एका माणसाने कच्च्या कॉफीच्या बियांचा वास घेऊन त्यांची प्रत ठरवायची, आणि त्याने लिहिलेल्या एका आकड्यावर तीन शहरांतल्या लोकांनी माल न बघता सौदे करायचे, म्हणजे नाकाला मान हा मिळणारच. दिसायला ते नाक साधंच होतं, किंचित बसकं. पण त्याच्या मालकाची सही असलेली चिठ्ठी गेली की पुढे कुणी पोतं फोडून बघत नसे.

घरातही तोच कारभार. भाजी चुलीवर असतानाच नाकोबा बाहेरून सांगत, लागतेय बघ. निम्म्या वेळा ती लागत नसे. बायको वाद घालत नसे. एका घराला एक नाक पुरे, असं तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं आणि स्वतःचं गुंडाळून ठेवलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नाकोबांचा वर्ग भरे. व्यापारी कंपन्यांत नव्याने लागलेली पोरंपोरी, पायांत कोरे बूट, हातात वह्या, गोदाम बघायला येत. आयुष्यभर ज्याचे सौदे करायचे ती वस्तू एकदा तरी डोळ्यांनी बघावी, असा कंपन्यांचा हेतू. नाकोबा त्यांना लांब पांढऱ्या टेबलाभोवती उभं करत आणि सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करत.

“माल म्हणजे काय?”

कुणी म्हणे विकतात तो, कुणी म्हणे पिकतो तो.

“शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणलीत. परत करताना तीच साखर करता का? नाही. दुसरी देता. ती घेते? घेते. म्हणून साखर हा माल. आता तिचा नवरा उसना आणलात, आणि परत करताना दुसराच नेऊन उभा केलात, तर चालेल का?”

पोरं खिदळत. एखादी पोरगी म्हणे, “ते शेजारणीला विचारायला पाहिजे, सर.”

“विचारा. पण नियम लक्षात ठेवा. अदलाबदल झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही तो माल. मालाला नाव नसतं, नुसती प्रत असते. या पोत्यातली प्रत एक आणि त्या पोत्यातली प्रत एक, सारखीच. कुणाच्या मळ्यातली, कुणी वेचली, कुणी वाळवली, सगळं दारात गळून पडतं. नाव गळलं म्हणूनच तर न बघता विकता येतं.”

मग ते वायद्यावर येत. “कॉफी पिकवणाऱ्याला भाव पडायची भीती. भाजून विकणाऱ्याला भाव चढायची भीती. दोघं उलट्या बाजूंनी घाबरतात म्हणून दोघांचं जमतं. आजच ठरवतात, चार महिन्यांनी इतकी पोती, या प्रतीची, या भावाने. झाला वायदा. दोघंही शांत झोपतात. मग ती भीती गेली कुठे? ती तिसऱ्याने विकत घेतली. तो पिकवत नाही, भाजत नाही, भाव कुठे जाईल एवढंच बघतो. तो तिसरा म्हणजे तुम्ही.”

“सर, म्हणजे माल आमच्या दारात येणार?” असं एकजण दर वेळी घाबरून विचारीच.

“मुदतीच्या आत उलटा सौदा केलात, घेतलं होतं ते विकलंत, तर नाही येणार. बहुतेक वायदे तसेच मिटतात. पण विसरलात तर येईल, आणि मग पोती गच्चीवर ठेवा नाहीतर सासुरवाडीला. थोडे सौदे मात्र खरोखर माल घेण्यासाठीच असतात. त्यांचा माल मुदतीच्या दिवशी इथून निघतो. तो चिठ्ठीत लिहिलाय तसाच निघतो, या एका भरवशावर बाकीचा सगळा कागदाचा कारखाना चालतो.”

शेवटी वासाचा धडा. दोन बशा पुढे सरकवत. पोरं वाकून हुंगत आणि कुणीतरी हमखास म्हणे, “गोड.”

“कोणता गोड?” नाकोबा इतक्या जोरात ओरडत की बाहेरचे हमालही हसत. “वाळलेल्या गवताचा गोड की पडलेल्या फळाचा गोड? पहिला असेल तर प्रत एक. दुसरा असेल तर गर सुटायला टाकीत भिजवलेली बी गरजेपेक्षा जास्त आंबली, प्रत तीन, वायद्यात चालत नाही. तसली मूठभर बी अख्खी भट्टी नासवते. नाकाला गोड लागलं की खूश व्हायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं.”

मागल्या वर्षाच्या अखेरीस त्यांना साधा ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढून ते उठले. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याशेजारी बसून ते वर्तमानपत्र वाचत होते, आणि बायको दोन मजले खालून धापा टाकत धावत आली. दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेल्याचं बूड काळं झालं होतं. खोलीत धूर होता.

“अहो, नाक कुठे गेलंय तुमचं?” ती म्हणाली.

बोलायची पद्धत म्हणून म्हणाली. पण नाकोबांनी पातेल्यावर वाकून श्वास ओढला, मग साबण हुंगला, मग बुटाचं पॉलिश, आणि खुर्चीत मटकन बसले. काहीच नव्हतं. भिंत हुंगावी तसं.

नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. म्हणाले, “यंत्र शाबूत आहे, तार तुटलीय. जुळेल. नाहीतर नाही जुळणार.”

“किती दिवसांत?”

“ते सांगता आलं असतं तर मी तुमच्या वायदेबाजारात गेलो असतो.”

नाकोबांना निवृत्तीला तीन वर्षं होती. वास न येणारा प्रतवारीचा माणूस म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते कामावर गेले, बशीवर वाकले, डोळे मिटले, मान हलवली आणि घाम पुसत बाहेर आले. चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही. “उद्या लिहितो,” म्हणाले. नमुन्याच्या तीन पुड्या होत. पोत्यांत पोकळ सळई खुपसून बिया काढायच्या, त्यांचे तीन वाटे करायचे, एक बाजाराच्या कार्यालयाला, एक मालकाला, एक नाकोबांच्या कपाटात. कपाटातली पुडी त्या दिवशी विसरून त्यांच्या कोटात राहिली.

घरी कोट टांगताना बायकोने नाक मुरडलं. “कसला कचरा घेऊन फिरताय खिशात? ओल्या पायपुसण्याचा वास येतोय.”

नाकोबा तिच्याकडे बघत राहिले. त्या मालात ओल जास्त आहे हे गोदामातल्या ओल मोजायच्या यंत्राने दुपारीच दाखवलं होतं.

“पुन्हा घे बघू वास,” ते म्हणाले.

अशी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन पुड्या आणल्या, तिसऱ्या दिवशी पाच. जेवणाचं टेबल पुसायचं, पंखा बंद करायचा, पांढरी बशी ठेवायची, बिया तळहातांत चोळून गरम करायच्या आणि तिच्या पुढे धरायच्या. तिला धंद्याचे शब्द येत नव्हते. ती आपल्याच शब्दांत सांगे. उन्हात वाळलेली चादर. खूप दिवस न उघडलेली ट्रंक. रबरी चप्पल. नाकोबांनी एक लहान वही केली. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे धंद्याचा, पुढे प्रत. ओलं पायपुसणं म्हणजे कुबट, प्रत तीन. चादर म्हणजे स्वच्छ, प्रत एक. महिन्याभरात वही भरली आणि दोघांचा हात बसला.

गोदामात मात्र सबब हवी होती. एवढी वर्षं हा माणूस जागच्या जागी प्रत सांगत होता, आता दुसऱ्या दिवशी का? नाकोबांनी ठोकून दिलं, “नमुना रात्रभर पुडीत मुरू द्यावा लागतो. त्याशिवाय वास खरं बोलत नाही.” तेव्हा त्यांचा जीव मुठीत होता. पण कुणी शंका काढली नाही. उलट गोदामाच्या प्रमुखबाईंनी मान डोलावली. या बाई बारा वर्षांपूर्वी याच शनिवारच्या वर्गात कोऱ्या बुटांनी उभ्या राहिल्या होत्या आणि आजही त्यांना सर म्हणत. त्यांनी ते वाक्य नियमावलीत घातलं. पुढच्या शनिवारी एका पोराने ते वहीत उतरवून अधोरेखित केलं, आणि नाकोबांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

बायकोचं मात्र वेगळंच चाललं होतं. लेक लग्न होऊन लांब गेल्यापासून आणि डोळ्यांमुळे शिलाईचं यंत्र विकल्यापासून तिची संध्याकाळ नुसती बसून जाई. विचारलं तेवढंच बोले. आता ती चार वाजताच केस विंचरून, हात बिनवासाच्या साबणाने धुऊन तयार असे. दुपारी लसूण सोलणं तिने बंद केलं. “हाताला राहतो,” म्हणाली. शेजारीण अत्तर लावून आली तर दारातूनच वाटेला लावी. आणि प्रश्न तर असे विचारी की वर्गातल्या कुणा पोराला सुचले नसते.

“म्हणजे मी प्रत एक म्हटलं की ते पोतं दुसऱ्या प्रत एकच्या पोत्यांत जाऊन बसतं?”

“थप्पी लागते. हो.”

“मग कुणाचं कुठलं?”

“कुणाचं कुठलं हा प्रश्नच उरत नाही. मालकाला पावती मिळते, थप्पी नंबर सात, प्रत एक, साठ पोती. कुठली का साठ असेनात.”

“आणि त्यातलं एखादं वाईट निघालं तर?”

“निघत नाही. त्यासाठीच तर आपण आहोत.”

आपण म्हटल्यावर तिने पदर सावरला. नाकोबांनी ते पाहिलं. नोकरी टिकवायची होती हे खरंच, पण आता त्याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या गळ्यात पडली होती. नाक गेल्याचं बाहेर कळलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर या संध्याकाळीही. ही बाई पुन्हा खिडकीत बसणार. त्या खिडकीची त्यांना खरोखर धास्ती वाटू लागली होती.

सातव्या महिन्यात, एका साध्या मंगळवारी, चौथी पुडी हुंगताना ती थांबली. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. तिच्या तोंडावर इतकं सुख पसरलं की नाकोबांना तिचा लग्नातला चेहरा आठवला.

“गोड आहे हो हा. फार गोड.”

“हं,” नाकोबा पेन्सिल घेऊन बसले होते.

“आमच्या शाळेच्या मागे पेरूची बाग होती. सांगितलं का मी तुम्हाला कधी? नसेल. भिंतीला खिंडार होतं. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी वाकून आत जायचो. वरचे पेरू राखणदाराचे, खाली पडलेले आमचे, असं त्याने ठरवून दिलेलं. पडून फुटलेले, ऊन लागून तापलेले. फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो. वर्गात बाई विचारायच्या, वास कुठून येतोय ग. आम्ही आपल्या खाली माना घालून बसायचो.” ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. “ती दुसरी, माझ्या शेजारी बसायची ती, कुठे असेल हो आता?”

अर्धा तास ती बोलत होती. भिंतीचं खिंडार, राखणदाराची काठी, आईने ओच्याचे डाग बघून दिलेला मार. गेल्या कित्येक वर्षांत ती सलग इतकं बोलली नव्हती. नाकोबा हनुवटीला हात लावून ऐकत होते. तिला मध्येच थांबवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. वहीत गोड हा शब्द नव्हता. चिठ्ठीवर त्यांनी प्रत एक लिहिलं आणि दिवा लावायला उठले.

साठ पोती थप्पी नंबर सातमध्ये गेली. तिथे आधीची दोनशे चाळीस होती, पाच जणांची. सगळी प्रत एक.

सहा आठवड्यांनी वायद्याची मुदत भरली. कॉफी भाजणाऱ्या एका भट्टीवाल्याने खरोखर माल मागितला होता. थप्पी सातमधली शंभर पोती त्याच्याकडे गेली, आणि चौथ्या दिवशी तो स्वतः गोदामात आला. हातात भाजलेल्या बियांची पिशवी. ती त्याने प्रमुखबाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “वास घ्या.”

बाईंनी पिशवी उघडली आणि मान मागे घेतली.

बाहेरून दोन परीक्षक आले. त्यांनी थप्पीत इथून तिथून सळया खुपसल्या. कुठल्या पोत्यात बिघाड होता, कुठल्यात नव्हता. पण पोती एकमेकांत मिसळलेली होती, एकसारख्या गोणपाटाची, एकाच शिक्क्याची. पोतं पोतं फोडून निवडत बसायची सोय नियमात नव्हती. त्यांनी सगळी थप्पी प्रत तीनवर आणली. सहाही मालकांचा माल वायद्यातून बाद.

नाकोबांनी नोंदवही काढली. थप्पी सात, सहा नोंदी. तारखांवरून बोट फिरवत ते खाली आले आणि शेवटच्या नोंदीवर थांबले. मंगळवार. त्यांच्या कानात तिचा आवाज आला, खाली पडलेले, फुटलेले, ऊन लागून तापलेले. शब्दन् शब्द तिने सांगितलं होतं. याहून स्पष्ट कुणी काय सांगणार होतं? वर्गात एखाद्या पोराने एवढं सांगितलं असतं तर नाकोबांनी त्याची पाठ थोपटली असती.

दुपारी एक म्हातारी आली. जाड भिंगांचा चष्मा, हातात पावती. तिचा छोटा मळा होता आणि दरवर्षी ती पन्नास पोती घालत असे. तिने नाकोबांनाच गाठलं.

“साहेब, माझा माल चांगला होता ना हो? तुम्हीच म्हणालात, आजी, असा स्वच्छ माल फार दिवसांनी आला.”

“म्हणालो होतो, आजी.” ते खरंच होतं. उन्हात वाळलेली चादर, असं बायको म्हणाली होती, आणि वर म्हणाली होती, कुणीतरी फार जीव लावून वाळवलंय हे.

“मग माझी पोती मला दाखवा. मी माझी घेऊन जाते. खराब कुणाची असतील ती असोत.”

नाकोबांनी थप्पीकडे पाहिलं. छतापर्यंत गोणपाट.

“यातली तुमची कुठली ते सांगता येत नाही, आजी.”

“असं कसं? मी शिवलीयत ना ती. मी माझा टाका ओळखीन.”

“आत येताना इथल्या पोत्यांत भरतात सगळं. सारखं दिसावं म्हणून.”

म्हातारी थप्पीजवळ गेली. एका पोत्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. कुठल्या तरी पोत्याने ओळख द्यावी म्हणून ती थांबल्यासारखी वाटली. नाकोबा मागे उभे होते आणि त्यांना काहीही करता येत नव्हतं. साखरेची वाटी आणि शेजारणीचा नवरा सांगून ज्या गोष्टीवर ते सत्तावीस वर्षं पोरांना हसवत आले, ती ही गोष्ट. शेवटी म्हातारीने पावतीची घडी घातली आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

संध्याकाळच्या आत प्रमुखबाईंनी बोलावलं. टेबलावर तीन बशा होत्या.

“सर, बाहेरच्यांचा अहवाल मला पटत नाही. तुमची चूक होणारच नाही. यातली एक थप्पी सातमधली बिघडलेली आहे. तुम्ही फक्त दाखवा, मी लिहिते की आमच्या माणसाचं नाक शाबूत आहे, चूक साठवणुकीत झाली.”

बाई वाचवायलाच बसल्या होत्या. तीन बशांतली एक. नाकोबा वाकले. पहिली, दुसरी, तिसरी. बोटांनी बिया चाळल्या. रंग सारखा, आकार सारखा. बोट ठेवून मोकळं व्हावं असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण बाई इतक्या विश्वासाने बघत होत्या की त्यांचं बोट उठेना.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले.

“कशाचा?”

“कशाचाच. आठ महिने झाले. तापात गेला.”

बाईंनी नोंदवही ओढली आणि पानं उलटली. “आठ महिन्यांत तुम्ही चारशे नमुने केलेत, सर. तक्रार ही एक. मग वास कोण घेत होतं?”

उत्तर नाकोबांच्या ओठांवर होतं. ते दिलं असतं तर उद्या घरी माणसं आली असती. नमुने गोदामाबाहेर नेले कसे, तुमच्या बायकोला अधिकार काय, कोणत्या शिक्षणावर, आणि त्या म्हातारीची पन्नास पोती बुडाली ती कुणामुळे. तिला एवढंच कळलं असतं, तुझ्यामुळे.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “अंदाजाने लिहीत होतो.”

“अंदाजाने? चारशेत एक चुकलं?”

“नशीब म्हणायचं.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग राग आला. रागातच त्यांनी कामावरून कमी केल्याचा कागद पुढे केला. नमुना मुरू देण्याचा नियम बाईंनी नाकोबांच्या देखत लाल शाईने खोडला. नाकोबांनी सही केली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले.

घरी ती केस विंचरून बसली होती. पंखा बंद, बशी मांडलेली.

“आज पुड्या नाहीत?”

“आज माल नव्हता. उद्या येईल.”

आता तोंडातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाले, वाचनालयात बसले, आणि परतताना कॉफी भाजून विकणाऱ्या एका लहानशा दुकानातून कच्च्या बिया घेतल्या. पायरीवर बसून चार पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर नेहमीच्या अक्षरात वेगवेगळे नंबर घातले.

तिने चारही हुंगल्या. “दोन. हाही दोन. दोन. आणि हाही.”

“सध्या एकाच भागातला माल येतोय,” नाकोबा म्हणाले.

असे नऊ दिवस गेले. रोज वाचनालय, रोज तेच दुकान, रोज चार पुड्या. बायको रोज चारदा दोन म्हणे आणि नाकोबा रोज चारदा लिहीत. गप्पा मात्र होत नव्हत्या. थप्पी, पावती, मुदत यांतलं ती काहीच विचारत नव्हती.

दहाव्या दिवशी तिने पुड्या उघडल्याच नाहीत. त्यांच्यावर हात ठेवून बसली.

“काढून टाकलं का हो?”

नाकोबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“चारही पुड्यांत एकच माल असतो. पहिल्या दिवसापासून. आणि कागदाला भाजल्याचा धूर लागलेला असतो, गोदामात कुठे भट्टी आहे? मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील.” तिने पुडीची सुतळी बोटाला गुंडाळली. “तो पेरूचा ना? तो चुकला.”

“हो.”

“मी तर सांगितलं होतं. पडलेले म्हणून.”

“सांगितलं होतंस.”

“मग विचारलं का नाहीत? त्या पोरांना एवढं ओरडून विचारता, कोणता गोड म्हणून. मला एकदा विचारायचं होतं. मी सांगितलं असतं.”

“तू बोलत होतीस,” नाकोबा म्हणाले. “किती दिवसांनी बोलत होतीस.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

“माझं नाव सांगितलंत तिथे?”

“छे. तुला कुणी एक शब्द विचारणार नाही. अंदाजाने लिहीत होतो म्हणालो.”

हे ऐकून तिला हायसं वाटेल, निदान बरं तरी वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. या एका वाक्याच्या आधारावर तर त्यांनी हे दिवस काढले होते. पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“अंदाज,” ती म्हणाली. “चारशे पुड्या. आठ महिने लसूण नाही सोलला मी.”

“अगं, तुला त्रास नको म्हणून…”

“कळलं. म्हणजे माझंही पोतं थप्पीतच गेलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नाकोबांना काहीतरी बोलता आलं असतं. परत जाऊन खरं सांगावं, तर चूक तिच्या माथी बसणार. न सांगावं, तर उरलेले तीनशे नव्याण्णवही तिचे होणार नाहीत. ते आळीपाळीने तिच्याकडे आणि रिकाम्या बशीकडे बघत बसले.

तिने उठून पंखा लावला. मग चारही पुड्यांच्या सुतळ्या सोडल्या आणि त्या एका डब्यात ओतल्या. एकच माल होता, वेगळा ठेवून करायचं काय.